एकच पोलो, चोर्ला घाट आणि ट्रॅक: ब्रेक-सस्पेन्शनचे पैसे कुठे घालायचे

खानापूरहून आलेला प्रश्न असा: २०२१ ची पोलो १.० टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. रोज बेळगावला ये-जा, अधूनमधून चोर्ला घाटातून गोवा, आणि वर्षाकाठी तीन-चार ट्रॅक डे (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायचे दिवस). हातात दीड लाख रुपये आहेत. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारी स्प्रिंग-शॉकची जोडी) आधी घ्यावेत की चार पिस्टनचा मोठा ब्रेक किट?

निदान आत्ता तरी दोन्ही नकोत. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या हॅचबॅकमध्ये ट्रॅकवर सगळ्यांत आधी दम सोडतं ते ब्रेक ऑईल, मग पॅड, आणि त्यानंतर पुढच्या टायरची बाहेरची कड. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) लहान आहे म्हणून गाडी थांबत नाही, असं फार क्वचित होतं. पहिला पैसा उष्णतेवर, दुसरा टायर आणि कॅम्बरवर (चाकाचा उभा कल), आणि शॉकॲब्सॉर्बर-स्प्रिंग त्यानंतर.

आपल्या भागाची एक अडचण आधी लक्षात घ्या. कोइमतूरचा कारी ट्रॅक किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक बेळगावपासून आठशे किलोमीटरच्या आसपास पडतो. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे तळेगावजवळचा नानोलीचा ट्रॅक. ट्रेलर नसेल तर ज्या सेटिंगवर ट्रॅकवर पळायचं त्याच सेटिंगवर जायचं-यायचं, आणि सोमवारी त्याच गाडीने कामावर जायचं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात थंड पॅडवरही गाडी पहिल्या दाबाला थांबली पाहिजे. त्यामुळे निव्वळ रेसचे सुटे भाग इथेच बाद होतात.

उष्णतेचा हिशेब एकदा करून बघा, म्हणजे कुठे काय लागतं ते आपोआप समजेल. चालक आणि पेट्रोल धरून गाडी १२०० किलो मानू. १६० किमी वेगावरून ८० वर आणताना जवळजवळ ०.९ मेगाज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. जोरात ब्रेक मारताना वजन पुढे येतं, म्हणून त्यातला पाऊण वाटा पुढच्या दोन डिस्कवर पडतो. एका डिस्कला साधारण ०.३३ मेगाज्यूल. पोलोची पुढची डिस्क २५६ मिमी व्यासाची, २२ मिमी जाडीची, वजन पाचेक किलो. बिडाची उष्णता धरण्याची क्षमता पाहता एका दाबात तिचं तापमान सुमारे १४० अंशांनी चढतं. कारीसारख्या २.१ किमीच्या आखूड ट्रॅकवर ती थंड व्हायच्या आत पुढचं वळण येतं. चार-पाच लॅपमध्ये डिस्क ५०० अंशांच्या घरात जाते ती अशी. कंपनीचे पॅड साधारण ३५० अंशांपर्यंतच्या कामासाठी बनवलेले असतात.

सुरुवात ब्रेक ऑईलपासून करा. एवढ्या थोड्या खर्चात एवढा फरक दुसरी कुठलीच गोष्ट देत नाही. डॉट ४ च्या नव्या ऑईलला उकळायला किमान २३० अंश लागतात, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८० आहेत. मोट्युल आरबीएफ ६०० सारखं रेसिंगचं डॉट ४ कोरडं असताना ३०० च्या वर टिकतं. हे ऑईल हवेतलं पाणी ओढतं, आणि खानापूर तालुक्यात चार महिने हवाच ओली असते. म्हणून पावसाळा संपल्यावर एकदा पूर्ण बदला, आणि पुढच्या ट्रॅक डेच्या आधी दोन्ही पुढच्या कॅलिपरमधून ५०-६० मिलि काढून नवं भरा. पूर्ण बदलायला ५०० मिलिच्या दोन बाटल्या पुरतात. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. आकडा मोठा दिसला म्हणून ते यात घालायचं नाही.

ब्लीडिंग (जुनं ऑईल आणि हवा बाहेर काढणं) करताना मिस्त्रीला पेडल तळापर्यंत दाबायला लावू नका. मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या दाबाने ऑईल ढकलणारा) जो भाग रोजच्या वापरात येत नाही तिथे गंज असतो आणि सील त्यावर घासून फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, किंवा एक बारच्या आसपास दाब देणारा प्रेशर ब्लीडर वापरा. हवा एबीएसच्या युनिटमध्ये गेली असेल तर नुसत्या पेडलने ती निघत नाही. स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. म्हणून ब्रेक ऑईलच्या टाकीतलं ऑईल कधीही तळाला जाऊ द्यायचं नाही.

पॅड निवडताना दोन आकडे बघा: थंडीतली पकड आणि वरची मर्यादा. ट्रॅक आणि रस्ता दोन्हींसाठी फेरोडो डीएस २५०० च्या जातीचे पॅड बरोबर बसतात. थंड असतानाही धरतात आणि ५०० अंशांपर्यंत पकड फारशी सोडत नाहीत. धूळ जास्त पडते, थोडा आवाज येतो. ते चालवून घ्यावं लागतं. निव्वळ रेसचे पॅड तापल्याशिवाय काम करत नाहीत. जुलैत कणकुंबीच्या उतारावर समोर म्हैस आली तर पहिला दाब कोरा जाईल, म्हणून ते नकोत. मागच्या ड्रमचे लायनर कंपनीचेच राहू द्या. चाकाजवळचा सिलिंडर गळत नाही ना आणि हँडब्रेक नीट लागतो ना, एवढं बघा. ड्रम काढून मागे डिस्क बसवण्यात पैसा जातो आणि हातात फारसं काही येत नाही. मागच्या चाकांवर कामच पाव हिश्शाचं आहे, आणि एबीएसचा हिशेब ड्रम धरून केलेला आहे.

नवे पॅड डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. १०० वरून ३० पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, मध्ये पूर्ण न थांबता. मग तीन-चार वेळा जोरात. आणि नंतर दहा-पंधरा मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता चालवत थंड करायचं. राष्ट्रीय महामार्गावर हे करू नका. ट्रॅकचं पहिलं सत्र यासाठीच द्या. गरम ब्रेकवर गाडी थांबवून पेडल दाबून ठेवलं तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे स्टिअरिंग थरथरतं. त्यालाच सगळे ‘डिस्क बेंड झाली’ म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. जाडी कमी-जास्त झालेली असते, किंवा हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग) गंज न काढता डिस्क बसवलेली असते. उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपमध्ये डायल गेज मिळतो. डिस्क बोल्टने नीट आवळून, फिरवून, ती किती डगमगते ते बाहेरच्या कडेजवळ मोजा. ०.०५ मिमीच्या आत असेल तर डिस्क ठीक आहे. जास्त भरली तर आधी हब तारेच्या ब्रशने घासून पुन्हा मोजा, मगच डिस्कला दोष द्या.

ब्रेक ‘गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं, हे पायाला ओळखता आलं पाहिजे. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापला. पेडल मऊ पडून तळाला जातंय, तर ऑईल उकळलं. वळण संपून सरळ रस्त्यावर आल्यावर पहिला दाब लांब जातो आणि दुसरा ठीक लागतो, तर व्हील बेअरिंगमध्ये खेळ आहे आणि डिस्क पिस्टनला मागे ढकलते. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. मोठा किट घेतला तरी तिसरा दोष तसाच राहतो.

मोठ्या डिस्कची गरज आहे का, हे अंदाजाने ठरवू नका. डिस्कच्या बाहेरच्या कडेला तापमान दाखवणारा रंग मिळतो: हिरवा ४३० अंशांना उडतो, केशरी ५६० ला, लाल ६१० ला. कॅलिपरला तापमानाची पट्टी चिकटवा. दिवसभर पळून आल्यावर फक्त हिरवा उडाला असेल तर चांगले पॅड आणि ऑईल एवढ्यावर तुमचं काम भागलं. केशरीही उडाला तर आधी हवा न्या: पुढच्या बंपरमधून ६३ मिमीचा हवेचा होज डिस्कच्या मधोमध, कारण हवेशीर डिस्क आतून हवा ओढून बाहेर फेकते. डिस्कच्या मागची पत्र्याची ढाल पूर्ण काढून टाकू नका. आपल्याकडची तांबडी माती आणि खडी थेट डिस्कवर येते. तिलाच भोक पाडून होजची बाही बसवा. लालही उडत असेल तर मात्र डिस्क मोठी करायची वेळ आली.

त्यासाठीही महागडा किट लागत नाही. याच सांगाड्याच्या परदेशी पोलो जीटीआयमध्ये पुढे २८८ मिमी व्यासाची, २५ मिमी जाडीची डिस्क होती. त्या जातीची डिस्क, कॅलिपर आणि बसवायचे भाग एकत्र जमवता आले तर प्रत्येक डिस्कमागे दीडेक किलो बीड वाढतं आणि तेवढीच उष्णता जास्त मावते. गाडी कमी अंतरात थांबेल असं समजू नका. थांबण्याचं अंतर टायर ठरवतो. मोठी डिस्क दहाव्या लॅपलाही पहिल्या लॅपसारखी थांबते, एवढाच तिचा फायदा, आणि तो ट्रॅकवर मोठा आहे. कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास मूळच्याइतकाच ठेवा. तो वाढला की पेडल लांब जातं आणि ब्रेकचा तोल आणखी पुढे सरकतो. घेण्याआधी जाड पुठ्ठ्यावर कॅलिपरचा आकार कापून चाकात बसतो का बघा. चाकाच्या आऱ्यांपासून निदान ३ मिमी जागा राहिली पाहिजे. नटबोल्टांचंही तसंच: कंपनीच्या चाकांना गोल बुडाचा बोल्ट असतो, बाहेरच्या बहुतेक अलॉयना शंकूच्या बुडाचा. चुकीचा वापरला तर तो बसल्यासारखा वाटतो आणि पन्नास किलोमीटरवर सैल होतो. मूळ चाकाचं मधलं भोक ५७.१ मिमीचं आहे. नव्या चाकाचं मोठं असेल तर रिंग टर्न करून घ्या. बोल्ट १२० न्यूटन-मीटरवर आवळा, आणि ट्रॅकवर पहिल्या सत्रानंतर चाक थंड झाल्यावर पुन्हा तपासा.

बेळगावात उद्यमबाग, मच्छेला फाउंड्री आणि मशीन शॉप पावलोपावली आहेत, त्यामुळे ‘करून घेऊ की’ ही हौस इथे सहज पुरी होते. हबची रिंग, होजची बाही, कॅम्बर प्लेटखालची चकती हे जरूर करून घ्या. इथल्यासारखं काम दुसरीकडे मिळायचं नाही. पण डिस्कला भोकं पाडून घेऊ नका. करड्या बिडात भोकाच्या कडेपासून तडा सुरू होतो आणि तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत तो शेजारच्या भोकापर्यंत पोचतो. आडव्या खाचांची किंवा साधी गुळगुळीत डिस्क पुरेशी आहे. कॅलिपरचा ब्रॅकेटही धातूची खात्री, ड्रॉइंग आणि योग्य दर्जाचे बोल्ट यांच्याशिवाय करू नये. गाडीचं सगळं थांबणं त्या दोन बोल्टांवर असतं.

आता सस्पेन्शन. त्याचं पहिलं काम टायर जमिनीला सपाट ठेवणं आहे, आणि त्यासाठी सगळ्यांत परिणामकारक गोष्ट म्हणजे पुढचा कॅम्बर. कंपनीचा कॅम्बर उणे अर्ध्या अंशाच्या आसपास असतो. वळणात गाडी कलली की बाहेरचा टायर कडेवर चालतो, कड झिजते, गाडी नाक बाहेर फेकते, आणि चालकाला वाटतं स्प्रिंग मऊ आहे. रस्ता-ट्रॅक दोन्हीसाठी पुढे उणे दीड ते दोन अंश ठेवा. फक्त ट्रॅकसाठी अडीचपर्यंत. स्विफ्टसारख्या गाडीत स्ट्रट (शॉक-स्प्रिंगचा खांब) नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टांनी बसतो, तिथे कॅम्बर बोल्ट चालतात. पोलोत स्ट्रट क्लॅम्पमध्ये बसतो, म्हणून ती सोय नाही. वरच्या टोकाला कॅम्बर प्लेट घालावी लागते. ती रबराच्या माउंटची घ्या. गोळीवाला सांधा चिखलात आणि खड्ड्यांत वर्षभरात खडखडू लागतो. पुढचा टो (चाकांची तोंडं आत की बाहेर वळलेली) शून्य, किंवा एकूण एक मिमी बाहेर. मागे टो बाहेरच्या बाजूला मुळीच नको. ब्रेक मारताना शेपूट फिरते. टॉर्शन बीममध्ये (मागची दोन चाकं जोडणारी आडवी तुळई) तो नुसता पाना लावून बदलता येत नाही. स्टबखाली (मागच्या चाकाचा आस) शिम, म्हणजे पातळ चकत्या लागतात. खड्ड्यात आपटलेल्या गाड्यांत मागचा टो आधी मोजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं ट्यूनिंग वाया जातं.

टायरवर हात आखडू नका. चारही एकाच जातीचे, मऊ रबराचे, रोजच्या पावसातही पाणी बाहेर काढणारे हवेत. पूर्ण सेमी-स्लिक (जवळजवळ खाचा नसलेले ट्रॅकचे टायर) आपल्या पावसाळ्याला नको. थंड असताना ३०-३२ पीएसआयने सुरुवात करा, सत्रातून आल्यावर लगेच मोजा, आणि गरम टायर ३६ च्या आसपास राहील असं हवा काढत जा. बाजूच्या कडेला खडूची रेघ मारा. खांद्यावरच्या खुणेच्या खालपर्यंत ती पुसली गेली तर हवा कमी आहे किंवा कॅम्बर कमी आहे. सुईचा थर्मामीटर असेल तर टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा पाच-आठ अंश गरम असावी.

स्प्रिंगचा आकडा विकणारा ‘६ किलो’, ‘७ किलो’ असा सांगतो, म्हणजे एक मिमी दाबायला तेवढे किलो. तो तुमच्या गाडीला जास्त की कमी, हे वजनाशी ताडून बघा. पोलोच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाक-ब्रेकचं वजन वगळून, सुमारे ३३० किलो भार येतो. चाकापाशी ३ किलोचा कडकपणा असेल तर गाडी सेकंदाला दीड वेळा डुलते, ४.३ किलोला १.८ वेळा. ६ किलोची स्प्रिंग मॅक्फर्सन स्ट्रटच्या (पोलोचं पुढचं सस्पेन्शन) कोनामुळे चाकापाशी साडेपाचच्या आत पडते आणि डुलणं दोनच्या पुढे जातं. कंपनीच्या गाड्या साधारण सव्वा-दीडच्या मध्ये असतात. चोर्ल्यावर दोनच्या पुढची गाडी खड्ड्यावरून उडते, टायर हवेत जातो, आणि हवेतला टायर ना ब्रेक लावतो ना वळतो. तुमच्यासाठी दीड ते पावणेदोनच्या मधला कडकपणा बरोबर, म्हणजे चाकापाशी ३ ते ४ किलो. पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत मागचं डुलणं पुढच्याहून थोडं जलद ठेवतात, म्हणजे शेपूट वळायला मदत करते.

उंची २० ते २५ मिमीपेक्षा जास्त उतरवू नका. मॅक्फर्सनमध्ये खालचा आर्म आडव्याच्या वर गेला की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा भरभर खाली उतरतं. गाडी बुटकी होते आणि कलते मात्र जास्त. शिवाय स्प्रिंगचा प्रवास संपून गाडी बंप-स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडथळ्यावर) बसते, आणि वळणाच्या मधोमध पुढची पकड एकदम सुटते. आणखी एक सावधगिरी. आपल्या देशात विकलेली पोलो युरोपातल्यापेक्षा उंच ठेवलेली होती, म्हणून युरोपची ‘३० मिमी’ म्हणून विकली जाणारी स्प्रिंग इथे त्याहून जास्त बसवते. खरेदीआधी स्प्रिंगची मोकळी लांबी आणि तुमच्या गाडीची चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतची उंची, दोन्ही लिहून घ्या. मूळ स्प्रिंगचा वेढा कापून घ्यायचा तर विचारही नको. उडी मारताना ती जागेवरून निसटते.

शॉकॲब्सॉर्बरची निवड स्प्रिंगवरून ठरते. बिलस्टीनचं उदाहरण घ्या: बी६ मूळ लांबीच्या स्प्रिंगसाठी, बी८ आखूड स्प्रिंगसाठी, बी१४ म्हणजे उंची बदलता येणारा कॉइलओव्हर. आखूड स्प्रिंगखाली मूळचा शॉक ठेवला तर त्याचा पिस्टन चुकीच्या जागी चालतो आणि वर्षभरात तेल सोडतो. तुमच्या वापराला मूळ उंची किंवा थोडी कमी उंचीची स्प्रिंग आणि तिच्या जोडीचा मोनोट्यूब (एका नळीचा) शॉक ही जोडी कॉइलओव्हरपेक्षा चांगली. कॉइलओव्हरच्या आट्यांत आपल्याकडची लाल माती बसली की दुसऱ्या पावसाळ्यानंतर कॉलर फिरत नाही, आणि उंची बदलण्यासाठी दिलेले पैसे तिथेच अडकतात. शॉक बदलतानाच वरचं माउंट, बेअरिंग आणि बंप-स्टॉप नवे घाला. मजुरी एकदाच लागते.

मागचा टॉर्शन बीम पिळला जाणं हेच त्याचं काम आहे. त्यात पाइप वेल्ड करून कडक करायची कल्पना कोणी सुचवली तर नको म्हणा. वेल्डच्या कडेला बीम तडकतो. बोल्टने बसणारा मागचा बार मिळतो, त्याने गाडी छान वळते, वळणात आतलं मागचं चाक उचललं गेलं तरी बिघडत नाही. पण ओल्या घाटात ॲक्सिलरेटर एकदम सोडला की तीच गाडी शेपूट फिरवते. बार घ्यायचा तर कमी कडकपणाच्या सेटिंगवर, आणि पुढचे टायर-कॅम्बर झाल्यावरच. खालच्या आर्मचे बुश फाटले असतील तर मूळ रबराचे नवे घाला; पॉलियुरेथेन रोजच्या गाडीत चिखल खाऊन करकरतं.

ट्रॅकच्या दिवशी पॅड निदान ५ मिमी जाड असू द्या. पातळ पॅडमधून उष्णता सरळ पिस्टनला आणि ऑईलला पोचते. जाताना एक जोडी डिकीत ठेवा, कारण परतीचे आठशे किलोमीटरही त्याच ब्रेकवर जायचे आहेत. एक लॅप गरम करायला, चार-पाच जोरात, एक लॅप थंड करायला. मग पिटमध्ये येऊन गिअरमध्ये उभी करा आणि चाकाला ठोकळा लावा, हँडब्रेक ओढू नका.

दीड लाखाची वाटणी मी अशी करेन: निम्म्याच्या आसपास शॉक-स्प्रिंग-माउंटला, तिसरा हिस्सा टायरला, उरलेल्यात पॅड, ऑईल, नवे ब्रेक होज (ऑईलच्या नळ्या), कॅम्बर प्लेट आणि अलाइनमेंट. खरेदीचा क्रम मात्र उलटा: आधी ऑईल-पॅड-होज, मग टायर आणि कॅम्बर प्लेट. एक ट्रॅक डे एवढ्यावर करा, रंग आणि टायरच्या कडा काय सांगतात ते बघा, मग शॉकचे पैसे काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती अधोरेखित केली आहेत. म्हणून काढलेले मूळ भाग तेल लावून, खुणा करून घरी जपून ठेवा. विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीतलं नुकसान धरत नाहीत. ट्रॅकवर गाडी आपटली तर तो खर्च तुमचाच, हे बजेटमध्ये आधीच धरा.